विजापूरची जामा मशीद आणि दख्खनचा घुमट

विजापूरची जामा मशीद ही त्या शहरातील सर्वांत मोठी मशीद. पहिला अली आदिलशाह (कारकीर्द १५५८ ते १५८०) याच्या काळात तिचे बांधकाम सुरू झाले. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि आदिलशाहीच्या हाती मोठी संपत्ती व मुलूख आला. तट, तलाव, महाल यांच्याबरोबर राजधानीला शोभेल अशी शुक्रवारच्या नमाजाची मशीदही याच भरभराटीतून उभी राहिली. ती पूर्णत्वाला मात्र कधीच गेली नाही. पूर्वेकडच्या कोपऱ्यांवर योजलेले उंच मिनार झालेच नाहीत. तरीही समोर उभे राहिल्यावर काही कमी असल्याचे जाणवत नाही, इतकी तिची प्रमाणे नेमकी आहेत.

नमाज मक्केच्या दिशेने पढायचा असल्याने भारतातील मशिदींची मुख्य बाजू पश्चिमेला येते. येथेही पूर्वेच्या दरवाजातून आत शिरले की प्रशस्त चौक लागतो. हा दरवाजा औरंगजेबाच्या काळातील मानला जातो. चौकात वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, हौद आहे, उत्तर-दक्षिणेला कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि समोर पश्चिमेला नमाजाचा मुख्य दालनभाग. त्याच्या दर्शनी बाजूला नऊ कमानी आहेत. मधल्या कमानीला तेवढी पाकळ्यांची महिरप आहे. बाकीच्या आठ साध्या. मधोमध काय आहे हे सांगायला एवढी एक खूण पुरते. कमानींच्या वर रुंद छज्जा आहे. उन्हाच्या वेळी त्याची सावली सबंध दर्शनी भागावर आडवी पडते आणि वरच्या घुमटाचा गोलवा अधिक उठून दिसतो.

आत दालन सुमारे २०८ फूट लांब आणि १०७ फूट खोल आहे. भक्कम दगडी खांबांनी त्याचे सारखे चौरस खण पाडले आहेत. प्रत्येक खणावर स्वतंत्र उथळ घुमटी आहे, पण वरून गच्ची सपाट असल्याने बाहेरून त्यांचा पत्ता लागत नाही. भिंती आणि कमानी चुन्याच्या गिलाव्याच्या, जवळजवळ नक्षीविरहित. दख्खनी कारागिरांना नक्षी येत नव्हती असे मुळीच नाही; त्याच शहरातील इब्राहिम रोजा पाहिला की खात्री पटते. जामा मशिदीत त्यांनी हात आखडता घेतला तो जाणूनबुजून. कमानींमागे कमानी, त्यांतून पाझरणारा उजेड आणि दोन खांबांमधली मोकळी जागा, हीच इथली सजावट.

या दालनाच्या मधोमध खांब काढून टाकून सत्तर-पंचाहत्तर फुटांचा चौरस मोकळा केला आहे. त्याच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी आहेत आणि त्यावर मोठा घुमट आहे. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा म्हणजे चार कोपऱ्यांचे काय करायचे हा जुना प्रश्न. कोपऱ्यांत लहान कमानी घालून चौकोनाचा अष्टकोन करण्याची रीत भारतात आधीपासून होती. विजापूरच्या गवंड्यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी भोवतीच्या खांबांवरून उंच कमानी उभारल्या आणि त्या एकमेकींना छेदत नेल्या. एक चौरस दुसऱ्यावर तिरका ठेवावा तशी ही रचना आहे. छेदणाऱ्या या कमानींमुळे वर अष्टकोन तयार होतो आणि त्यावर आत झुकलेला गोल कठडा बसतो. घुमट या कठड्याच्या आतल्या कडेवर नसून थोडा मागे उभा आहे.

यात खरी हुशारी आहे. घुमटाचे वजन त्याच्या पायथ्याला बाहेर रेटत असते. आत झुकलेल्या चिरेबंदीचे वजन उलट आतल्या बाजूला ओढते. दोन रेटे एकमेकांना तोलतात आणि भिंतींवरचा ताण हलका होतो. हेच तंत्र पुढे मुहम्मद आदिलशाहाच्या कबरीवर, म्हणजे गोलघुमटात, सुमारे १३५ फूट बाजूच्या चौरसावर वापरले गेले. त्याआधी काही दशके ते जामा मशिदीत सिद्ध झाले होते. बाहेरून पाहिले तर घुमट कमानदार चौकोनी मजल्यातून वर येतो आणि त्याच्या पायथ्याशी कमळाच्या पाकळ्या कोरल्या आहेत. विजापुरी घुमट ओळखायची ही सर्वांत सोपी खूण.

संपूर्ण दालनात रंगांची उधळण एकाच जागी आहे, ती पश्चिम भिंतीतील मिहराबावर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर. हे काम १६३६ मधले, मुहम्मद आदिलशाहाच्या कारकिर्दीतले. तेथील लेखात मलिक याकूबचे नाव येते. सोनेरी मुलामा आणि गडद रंगांत कोनाडे, त्यांत ठेवलेली पुस्तके, फुलदाण्या, मिनार आणि अक्षरलेख चितारले आहेत. सपाट भिंतीवर खोलीचा भास निर्माण करणारे हे काम दख्खनी चित्रकलेचा मौल्यवान नमुना आहे. याच वर्षी निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले. मराठी वाचकाला ज्या विजापूर दरबाराची ओळख शिवचरित्रातून होते, तो दरबार याच काळातला.

१६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले. मशिदीच्या फरशीवर एकेका नमाजीसाठी आखलेले सुमारे २,२५० आयत त्याच्या काळातले आहेत. मौल्यवान गालिचे बादशहाने नेले आणि त्यांच्या जागी ही आखणी केली, असे स्थानिक लोक सांगतात.

विजापूर सोलापूरहून सुमारे १०० किलोमीटर आहे. रेल्वे आणि रस्ता दोन्हींची सोय आहे. मशिदीत आजही नमाज होतो, म्हणून पादत्राणे बाहेर ठेवावीत, अंगभर कपडे असावेत आणि शुक्रवारची दुपार टाळावी. बहुतेक सहली गोलघुमट पाहून, तिथला प्रतिध्वनी ऐकून परततात. त्यांनी आधी जामा मशीद पाहावी, मधल्या चौरसात उभे राहून छेदणाऱ्या कमानी नीट न्याहाळाव्यात आणि मग गोलघुमटाकडे जावे.