शिशात ओतलेली जुनी इंग्रजी

लंडनच्या जॉन डे या मुद्रकाने 1566च्या सुमारास एक छोटेखानी पुस्तक छापलं. त्याच्या शेवटी मुळाक्षरांचा तक्ता आहे. पुस्तक इंग्रज वाचकांसाठी होतं आणि अक्षरंही इंग्रजीचीच, तरी ती कशी ओळखायची हे सांगावं लागलं. 'थ'च्या उच्चारासाठी थॉर्न आणि एथ अशी दोन चिन्हं, 'व'साठी विन, आणि ग, र, स यांची वळणं तर भलतीच. ज्ञानेश्वरी आपण टीपांचं बोट धरून का होईना वाचतो. त्या काळच्या इंग्रजांना मात्र राजा आल्फ्रेडच्या वेळचं गद्य पार परकं झालं होतं. 1066च्या नॉर्मन स्वारीनंतर 500 वर्षांत भाषा इतकी पालटली होती.

'अ टेस्टिमनी ऑफ अँटिक्विटी' हे ते पुस्तक. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी, तिच्या स्वतःच्या अक्षरांत छापली गेली ती यात, पहिल्यांदा. त्यामागे होता कँटरबरीचा आर्चबिशप मॅथ्यू पार्कर. 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि मठांची ग्रंथालयं उधळली गेली. जॉन बेल याने त्याच काळात हळहळून लिहून ठेवलं आहे, की जुन्या पोथ्यांची पानं वाणी आणि साबणवाले विकत घेत, त्या पानांनी लोक मेणबत्तीदाण्या घासत, बूट पुसत. पार्करने उरलेल्या पोथ्या शोधून गोळा केल्या. लाल खडूने त्यांत खुणा केल्या, कुठे गहाळ पानांच्या जागी जुन्या वळणात नवी पानं लिहवून घेतली. त्याचा लॅटिन चिटणीस जॉन जॉसलिन ही भाषा शिकला.

यामागे निव्वळ विद्याप्रेम नव्हतं. रोमपासून फुटलेल्या चर्चला आपण नवं काही काढलेलं नाही, हे दाखवायचं होतं. सन 1000च्या आसपासचा एल्फ्रिक हा मठाधिपती ईस्टरच्या प्रवचनात प्रसादाच्या भाकरीबद्दल जे बोलला होता, ते पार्करच्या पक्षाला सोयीचं पडलं. छापील मजकूर पोथीबरहुकूम आहे अशी बिशपांची ग्वाही पुस्तकात मुद्दाम घातली. वादासाठी उपटलेलं प्रवचन, पण त्यासाठी अक्षरं कोरावी लागली. तो वाद आज कुणाच्या फारसा ध्यानात नाही. मला मोलाची वाटतात ती अक्षरं.

खिळे पाडणं हे कष्टाचं आणि खर्चाचं काम. पोलादी दांड्याच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं ओतायचं. डेने सगळी वर्णमाला नव्याने पाडली नाही. जी चिन्हं रोमनमध्ये नव्हती किंवा वेगळ्या वळणाची होती तेवढीच कोरून घेतली आणि बाकीचं रोमन खिळ्यांवर भागवलं. तरी पान एकजीव दिसतं. त्या कारागिराच्या हाताला मी मनापासून दाद देतो. हे खिळे जुळवले जात होते तेव्हा थॉमस स्टीफन्स इंग्लंडमध्येच तरुण होता. पुढे 1579मध्ये तो गोव्याला आला आणि त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते 1616मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण मराठीचे खिळेच नव्हते. लिपीला छापखान्यात जागा मिळाली किंवा नाही, याने भाषेच्या वाटचालीत किती फरक पडतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

डेच्या खिळ्यांनी 1568मध्ये विल्यम लँबार्डने जमवलेले अँग्लो-सॅक्सन कायदे छापले, 1571मध्ये शुभवर्तमानं. 1574मध्ये निघालं असरने लिहिलेलं आल्फ्रेडचं चरित्र. मजकूर लॅटिन, पण अक्षरं सॅक्सन, का तर वाचकाची नजर त्या वळणांना सरावावी. इथे पार्करने एक अपराधही केला. आल्फ्रेडच्या हातून गवळ्याच्या घरी भाकऱ्या करपल्या, ही लाडकी गोष्ट असरची नाही. ती दुसऱ्या एका बखरीतून उचलून पार्करने असरच्या मजकुरात बसवली आणि तसं सांगितलं नाही. पुढे 23 ऑक्टोबर 1731च्या पहाटे लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसमध्ये सर रॉबर्ट कॉटनच्या संग्रहाला आग लागली आणि असरची एकमेव जुनी पोथी जळाली. राहिल्या त्या पार्करच्या काळातल्या नकला आणि छापील आवृत्त्या. कुठलं वाक्य असरचं आणि कुठलं घुसडलेलं हे निवडून काढायला 1904मध्ये डब्ल्यू. एच. स्टीव्हन्सनची आवृत्ती यावी लागली. ज्याने वाचवलं त्यानेच भेसळ केली. पार्करचं ऋण मानताना मला हे दोन्ही सांगावंसं वाटतं.

'बॅटल ऑफ माल्डन' हे काव्यही त्याच आगीत गेलं. नशिबाने नक्कल झाली होती, आणि टॉमस हर्नने ती आगीच्या 5 वर्षं आधी, 1726मध्ये, छापली होती.

सतराव्या शतकात काम पुढे सरकलं. केंब्रिजला अरबीही शिकवणाऱ्या अब्राहम व्हीलॉकने 1643मध्ये बीड या मठवासीने लिहिलेला इतिहास छापला, कँटरबरीच्या विल्यम सॉमनरचा कोश 1659मध्ये आला, आणि फ्रान्सिस्कस ज्यूनियसने नेदरलँड्समध्ये स्वतःचे खिळे पाडून घेतले, जे अखेर त्याने ऑक्सफर्डला दिले. शतक उलटताना जॉर्ज हिक्सने 'थिसॉरस'चे दोन प्रचंड खंड उभे केले. नव्या राजाशी इमान राखण्याची शपथ नाकारल्यामुळे त्याचं पद गेलं होतं, काही काळ तो लपूनछपून राहत होता, आणि हे काम त्या स्थितीतलं. पूर्वी कापडदुकानात उमेदवारी केलेल्या हम्फ्री वॉन्लीने त्याच्यासाठी ग्रंथालयं पालथी घालून पोथ्यांची सूची केली. 'बेओवुल्फ'ची छापील नोंद पहिल्यांदा तिथेच, 1705मध्ये, सापडते. लँबेथच्या ग्रंथालयात हिक्सला एका काव्याचं सुटं पान मिळालं, फिन्सबर्गच्या लढाईचं. त्याने ते छापलं. ते पान नंतर हरवलं आणि आज त्या काव्याचं जे काही आहे ते हिक्सच्या छापील ओळींतच.

या सगळ्या मंडळींत माझं मन रेंगाळतं ते एलिझाबेथ एल्स्टॉबपाशी. 1683मध्ये न्यूकॅसलला जन्म, आईवडील लवकर गेले. ज्या काकांनी सांभाळलं त्यांच्या मते बाईमाणसाला एक भाषा पुरे. भाऊ विल्यम मात्र तिला आपल्या बरोबरीने शिकू देई. 1709मध्ये तिने एल्फ्रिकचं संत ग्रेगरीवरचं प्रवचन इंग्रजी अनुवादासह छापलं. वर्गणीदारांच्या यादीत स्त्रियांची नावं भरपूर आहेत. मग एका तरुण मुलीने तिच्याकडे ही भाषा शिकायची इच्छा धरली. तोवरची व्याकरणं लॅटिनमध्ये, म्हणजे लॅटिन न शिकवलेल्या मुलींना दार बंदच. एलिझाबेथने व्याकरण सरळ इंग्रजीत लिहिलं.

पण जानेवारी 1713मध्ये विल्यम बोयरचा छापखाना जळाला आणि त्यात सॅक्सन खिळे वितळून गेले. नव्या खिळ्यांचा खर्च सरन्यायाधीश लॉर्ड पार्करने उचलला, अक्षरांचे नमुने वॉन्लीने रेखले. कोरणाऱ्याचा हात मात्र बसला नाही, आणि रेखाटनातला डौल धातूत उतरला नाही. त्याच खिळ्यांनी 1715मध्ये व्याकरण निघालं. इंग्रजीतून लिहिलेलं जुन्या इंग्रजीचं ते पहिलं व्याकरण.

त्याच वर्षी विल्यम वारला. हिक्सही गेला. कर्ज अंगावर आलं आणि एलिझाबेथ लंडनमधून दिसेनाशी झाली. 1735च्या सुमारास जॉर्ज बॅलर्डला ती इव्हशॅममध्ये लहान मुलांची शाळा चालवताना सापडली. बॅलर्ड हा बायकांचे कपडे शिवणारा शिंपी, स्वतःच्या हिमतीवर सॅक्सन शिकलेला. त्याच्या खटपटीनंतर तिला पोर्टलंडच्या डचेसकडे मुलांच्या शिक्षिकेची जागा मिळाली, आणि तिथेच ती 1756मध्ये वारली.

एल्फ्रिकची सगळी प्रवचनं छापायची, असा तिचा बेत होता. ऑक्सफर्डला काम सुरूही झालं. 36 पानं छापून झाली आणि काम थांबलं. त्या प्रवचनांचे दोन्ही खंड बेंजामिन थॉर्पने पुरे केले, 1844 ते 1846मध्ये.