फोन नवा, हॅकर तोच

२०२५च्या जूनअखेरीची गोष्ट. छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात, ओडिशाच्या सीमेजवळ, देवभोग भागात माडागाव नावाचे खेडे आहे. तिथल्या एका तरुणाने देवभोगच्या दुकानातून नवे सिम घेतले. मित्राने त्याला व्हॉट्सॲप सुरू करून दिले आणि प्रोफाइलवर क्रिकेटपटू रजत पाटीदारचा फोटो दिसू लागला. दोघांना ती कुणाची तरी थट्टा वाटली. मग फोन येऊ लागले. पलीकडचा माणूस विराट कोहली असल्याचे सांगे, कधी एबी डिव्हिलियर्स, तर कधी यश दयाल. पोरांनीही मजेत उत्तरे दिली. शेवटी खुद्द पाटीदारचा फोन आला, 'तो नंबर माझा आहे, परत द्या.' त्यावर पोरे म्हणाली, 'आम्ही महेंद्रसिंग धोनी बोलतोय.' थोड्याच वेळात दारात पोलीस उभे राहिले, तेव्हा कुठे कळले की इतके दिवस बोलणारा कोहली खरोखरचा होता. पोरांनी सिम मुकाट परत केले.

यात कोणीही काही हॅक केले नव्हते. पाटीदारचा जुना नंबर तीन महिन्यांहून अधिक काळ वापरात नव्हता. नियमाप्रमाणे असा नंबर बंद होतो आणि पुढे कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते. तो देवभोगच्या दुकानात पोचला एवढेच. गोष्ट हसण्यावारी गेली, कारण सिम सरळ मनाच्या पोरांच्या हाती पडले होते. तेच लबाड माणसाच्या हाती पडले असते, तर त्या नंबरला जोडलेली बँक, ईमेल, इन्स्टाग्राम अशी सगळी खाती ओटीपीच्या वाटेने एकामागून एक उघडता आली असती.

'माझा फोन पुन्हा पुन्हा हॅक होतोय' असे सांगणाऱ्या माणसाकडे म्हणूनच नीट लक्ष द्यायला हवे. तो बहुधा घाबरलेला असतो, घरचे त्याला वेड्यात काढत असतात आणि त्याने जमेल ते सगळे करून झालेले असते. रायपूरमध्ये फोनची काही तक्रार निघाली की पाय जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनाकडे वळतात. तिथे मोबाइलच्या दुकानांची गर्दी आहे. फोन फॉरमॅट करून मिळतो, नवा हवा तर नवा मिळतो. माणूस पासवर्ड बदलतो, निश्चिंत होतो, आणि आठवड्याभरात व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना पुन्हा पैसे मागणारे संदेश जातात. त्याला वाटते, हॅकर फार हुशार आहे, तो दर वेळी नव्याने घुसतो. बहुतेक वेळा तसे नसते. तो एकदाच आत आलेला असतो आणि बाहेर गेलेलाच नसतो. फोन धुऊन पुसून घेतला, पण हॅकर ज्या खात्यात बसला होता त्याला कोणी हात लावला नाही.

तो पहिल्यांदा आत कसा येतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सध्याची चालू पद्धत एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या फाइलची. व्हॉट्सॲपवर संदेश येतो की तुमच्या गाडीचे चलान कापले गेले आहे. रायपूरकराला तो खरा वाटतो, कारण त्यात सीजी ०४ ने सुरू होणारा नंबर असतो, परिवहन खात्याचे बोधचिन्ह असते आणि खाली 'आरटीओ ई-चलान' नावाची फाइल जोडलेली असते. लग्नसराईत तीच फाइल लग्नपत्रिकेच्या रूपात येते. ती उघडली की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायचे का? घाईत 'हो' दाबले जाते. मग ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, नोटिफिकेशन पाहण्याची मागते आणि शेवटी ॲक्सेसिबिलिटीची मागते. ही शेवटची परवानगी सर्वांत घातक. दृष्टिहीन व अपंग माणसांना फोन वापरता यावा म्हणून केलेली ती सोय. ती मिळाली की ॲपला पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. एवढे झाल्यावर ॲपचे चिन्ह पडद्यावरून गायब होते. चलान तर दिसलेच नाही, म्हणून माणूस ते विसरून जातो. इकडे येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतो आणि तीच फाइल त्याच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपांत फिरू लागते. ओळखीच्या माणसाकडून आलेली, म्हणून पुढचे लोकही ती उघडतात. खरे चलान कधीही एपीके फाइल म्हणून येत नाही. ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येते.

असे ॲप काढायला गेले तर कधी कधी 'अनइन्स्टॉल' बटण फिके पडलेले असते, दाबलेच जात नाही. कारण त्या ॲपने स्वतःला 'डिव्हाइस ॲडमिन' करून घेतलेले असते. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी तो अधिकार काढायचा, ॲक्सेसिबिलिटीच्या यादीतून त्याचे नाव बंद करायचे, मग ॲप उडवायचे. तेही जमू देत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर 'पॉवर ऑफ' हे पडद्यावरचे चिन्ह दाबून धरले की तो पर्याय येतो. सगळे फसले तर फॅक्टरी रिसेट. फक्त रिसेटनंतर जुन्या बॅकअपमधून सगळे जसेच्या तसे परत ओतायचे नाही. फोटो आणि संपर्क घ्यावेत, ॲप मात्र एकेक करून प्ले स्टोअरवरूनच.

पण इथेच थांबणारे पुन्हा फसतात. समजा, चोराने या काळात गुगल खात्यात शिरकाव करून घेतला आहे. आपण नवा फोन घेतो, त्यात तेच खाते टाकतो, बँकेचा आणि फेसबुकचा पासवर्ड बदलतो. ब्राउझर विचारतो, पासवर्ड जतन करू का? आपण 'हो' म्हणतो. तो पासवर्ड गुगल खात्यात जमा होतो आणि त्या खात्यात आधीपासून बसलेल्या माणसालाही दिसतो. नवा पासवर्ड आपणच आपल्या हाताने त्याला दिलेला असतो. पीडित म्हणतो, 'पासवर्ड बदलल्यावर दहा मिनिटांत पुन्हा हॅक झाले.' त्याचे म्हणणे खरे असते, पण त्याला त्याचे कारण कोणी सांगितलेले नसते.

म्हणून सगळा भर क्रमावर आहे. पहिले काम संशयित फोनवर करायचेच नाही. घरातल्या दुसऱ्या, खात्रीच्या फोनवर किंवा संगणकावर बसायचे. सुरुवात ईमेलपासून करायची, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात का?' तिथेच येते. पासवर्ड पूर्ण नवा, इतरत्र कुठेही न वापरलेला हवा. त्यानंतर सुरक्षेच्या पानावर खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे ते पाहायचे आणि अनोळखी ते बाहेर काढायचे. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर आणि ईमेल आपलाच आहे का हे तपासायचे. चोर तिथे हमखास स्वतःचा पत्ता घालून ठेवतो. खात्यात शिरण्याची परवानगी दिलेल्या इतर ॲपची यादी चाळायची. आणि जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' व 'फिल्टर्स' ही दोन पाने जरूर उघडायची. बँकेचे प्रत्येक पत्र दुसऱ्या पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक, असा नियम एकदा लावून ठेवला की पासवर्ड दहादा बदलला तरी तो नियम चालूच राहतो. ही दोन पाने बहुतेकांनी जन्मात उघडलेली नसतात. हे सगळे झाल्यावर दुसरा टप्पा, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, चालू करावा. तो एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर किंवा पासकीवर ठेवलेला बरा.

मग नंबर. 'कुरिअरवाला बोलतोय, पत्ता सापडत नाही, हा कोड डायल करा' असे सांगून स्टार २१ स्टार आणि पुढे एक मोबाइल नंबर डायल करायला लावतात. ते केले की आपले सगळे कॉल त्या नंबरकडे वळतात. व्हॉट्सॲपचा ओटीपी फोन कॉलवरही मिळतो, त्यामुळे खाते तिकडे उघडते. दूरसंचार विभागाने कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता, तरी ही युक्ती चालवू पाहणारे थांबलेले नाहीत. *#२१# डायल केले की आपले कॉल कुठे वळवले आहेत का ते कळते. ##००२# ने सगळे वळवणे रद्द होते. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हेही पाहता येते. यादीत अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतो. हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झाले.

व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' हे पान पाहायला एक मिनिट लागते. डिसेंबर २०२५ मध्ये 'घोस्टपेअरिंग' नावाची फसवणूक उघडकीस आली आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने तिच्याबद्दल इशारा दिला. ओळखीच्या माणसाकडून 'हा तुझाच फोटो आहे ना?' अशी लिंक येते. ती उघडून नंबर टाकला की एक कोड मिळतो. तो व्हॉट्सॲपमध्ये भरला की चोराचा ब्राउझर आपल्या खात्याला जोडला जातो. पासवर्डही चोरीला जात नाही, सिमही जात नाही, आपला फोन नेहमीसारखा चालू राहतो आणि पलीकडे कोणीतरी सगळे वाचत बसलेला असतो.

व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन लावून ठेवावा. तो कायमचे संरक्षण देत नाही, पण ओटीपी चोरीला गेला तरी नव्या माणसाला सात दिवस अडवून धरतो, आणि तेवढ्यात आपल्याला हालचाल करता येते.

उलट, हॅकिंग वाटणाऱ्या काही गोष्टी हॅकिंग नसतातही. आपला फोटो आणि नाव चोरून कोणी दुसरे फेसबुक खाते काढले, तर आपले खाते सुरक्षितच असते. तिथे पासवर्ड बदलून उपयोग नाही. ते बनावट खाते रिपोर्ट करायचे आणि मित्रांकडूनही करवायचे.

आणि एक अवघड शक्यता. काही वेळा वाकून पाहणारा जवळचाच असतो. नवरा, जुना मित्र, एखादा नातेवाईक. त्याला फोनचा पिन माहीत असतो, त्याचे बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदलेले असते किंवा कुटुंबाचे गुगल खाते त्यानेच काढून दिलेले असते. कितीही वेळा फोन फॉरमॅट केला तरी ही वाट बंद होत नाही. त्याने फोनमध्ये पाळतीचे ॲप टाकले असेल, तर स्त्रीच्या बाबतीत ते घाईने काढून टाकणेही धोक्याचे ठरू शकते. पाळत सुटली हे समोरच्याला लगेच कळते. आधी विश्वासाच्या माणसाशी, खात्रीच्या फोनवरून, बोलावे. १८१ ही महिला हेल्पलाइन अशा वेळी उपयोगी पडते.

पैसे गेले असतील तर मात्र एक क्षणही दवडू नये. १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. पोचक्रमांक जपून ठेवावा. रायपूरला रेंज सायबर थाना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे ठाण्यात जाणाऱ्याला माहीत असलेले बरे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याचा गुन्हा कलम ६६-सीखाली येतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फोन फॉरमॅट करण्याआधी स्क्रीनशॉट, लॉगिनच्या सूचना, ती एपीके फाइल ज्या संदेशातून आली त्याची तारीख, वेळ आणि नंबर हे सगळे वेगळे काढून ठेवावे. आधी रिसेट आणि मग तक्रार, असा उलटा क्रम झाला की तपासायला काही उरत नाही.

हे सगळे सामान्य चोरांबद्दल झाले. छत्तीसगडने याहून कठीण प्रकारही पाहिला आहे. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपला आढळले की इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे हेरसॉफ्टवेअर त्याच्या व्हिडिओ कॉलमधल्या एका त्रुटीतून फोनमध्ये सोडले जात होते. जगभरातले सुमारे १,४०० जण त्याच्या रोखावर होते आणि कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. भारतात ज्यांना आपण लक्ष्य असल्याचा इशारा मिळाला त्यांत बस्तरच्या कार्यकर्त्या बेला भाटिया, वकील शालिनी गेरा, रायगढचे कार्यकर्ते डिग्रीप्रसाद चौहान आणि पत्रकार शुभ्रांशू चौधरी होते. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि प्रा. आनंद तेलतुंबडेही होते. राठोड यांना अनोळखी परदेशी नंबरांवरून व्हॉट्सॲप कॉल पुन्हा पुन्हा येत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये छत्तीसगड सरकारने या प्रकरणी चौकशी समिती नेमली.

पुढच्या वर्षी, जून २०२० मध्ये, ॲम्नेस्टी आणि सिटिझन लॅब या संस्थांनी आणखी एक प्रकरण बाहेर आणले. २०१९ मध्ये नऊ मानवाधिकार कार्यकर्त्यांना, कधी पत्रकाराच्या तर कधी न्यायालयातल्या कर्मचाऱ्याच्या नावाने ईमेल आले होते आणि त्यातल्या फाइलमधून संगणकात नेटवायर हे हेरसॉफ्टवेअर शिरत होते. या नऊपैकी किमान तिघे पेगाससच्या यादीतही होते. म्हणजे एक वाट चुकली तर दुसरी तयार ठेवलेली. अशा माणसाला 'फोन बदल' हा सल्ला देणे म्हणजे त्याला एकटे सोडणे आहे.

पेगाससच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी समिती नेमली. तिने २९ फोन तपासले. त्यांतल्या पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. अमेरिकेत व्हॉट्सॲपने लावलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये ज्युरीने एनएसओला सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलरची दंडात्मक भरपाई द्यायला लावली. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ती ४० लाखांवर आणली, पण व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करायला कंपनीला कायमची मनाई केली.

वकील, पत्रकार, कार्यकर्ते यांच्यासाठी आता फोनमध्येच काही सोयी आल्या आहेत. आयफोनमध्ये २०२२ पासून लॉकडाउन मोड आहे, अँड्रॉइड १६ मध्ये ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन. त्या चालू केल्यावर काही सुखसोयी जातात, पण हल्ल्याच्या पुष्कळ वाटा बंद होतात. ज्याला आपल्यावर पाळत असल्याची रास्त शंका आहे, त्याने फोन पुसून न टाकता तपासणीसाठी तसाच ठेवावा. ॲक्सेस नाऊ या संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन पत्रकारांना व कार्यकर्त्यांना चोवीस तास, विनाशुल्क मदत करते.