वनस्पतिशास्त्राचा नवा प्राध्यापक आणि आपलें बियाणें

कृषि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागांतील अमुक प्राध्यापक सेवानिवृत्त झाले व त्यांच्या जागीं तमुक गृहस्थांची नेमणूक झाली, अशी चार ओळींची बातमी दिसली म्हणजे आपल्यापैकीं बहुतेक जण पान उलटतात. बाजारभावाइतकें महत्त्व तीस कोणी देत नाहीं. परंतु त्या जागेवर कोण येतो, आणि ती रिकामी तर राहत नाहीं ना, याचा आपल्या शेताशीं निकट संबंध आहे. तो भेंडीच्या उदाहरणानें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

भेंडीवरील केवडा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सर्व पान पिवळें होतें, आणि फळें फिकट, आखूड व राठ येतात. मुंबई इलाख्यांत या रोगाची नोंद १९२४ सालीं झाली. त्याचें कारण एक विषाणु असून पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोगट झाड बरें करणारें औषध नाहीं. माशी मारावी तर शेजारच्या शिवारांतून दुसरी येते. तेव्हां रोगास दाद न देणारें झाडच निर्माण करणें हा खरा उपाय होय. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा वाण प्रारंभीं या रोगापुढें टिकला. पुढें तोही बळी पडूं लागला.

आपल्या बीड जिल्ह्यास लागून असलेल्या परभणी येथें १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. तेथील एन्. डी. जांभळे व वाय्. एस्. नेरकर या संशोधकांनीं हा प्रश्न हातीं घेतला. त्यांनीं भेंडीच्याच कुळांतील, शास्त्रांत ‘अॅबेलमोशस मॅनिहॉट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगप्रतिकारक जातीशीं पुसा सावनीचा संकर केला. दोन भिन्न जातींच्या अशा संकरांत बीं नीट धरत नाहीं, आणि परक्या जातीचे नको ते गुणही सोबत येतात. म्हणून संकरित झाडांचा पुन्हां पुसा सावनीशीं संकर करावा लागतो, व प्रत्येक पिढींत निरोगी तेवढींच झाडें ठेवावीं लागतात. बाहेरच्या वळूचा एक गुण घेऊन पुढील पैदास पुन्हां घरच्या कळपांत करावी, तसाच हा प्रकार आहे. रोगप्रतिकाराचा गुण एकाच प्रभावी जनुकानें उतरतो, हें त्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. आणि ‘परभणी क्रांति’ या नव्या वाणाचें वर्णन १९८६ सालीं एका अमेरिकन शास्त्रीय नियतकालिकांत आलें. हा वाण पुढें देशांत दूरवर पसरला.

तथापि काम तेथें संपलें नाहीं. विषाणूही बदलत असतो, आणि कालांतरानें अनेक भागांत परभणी क्रांतीवरही केवडा दिसूं लागला. म्हणजे एका प्राध्यापकानें जेथें काम सोडलें, तेथून तें दुसऱ्यानें उचललें पाहिजे.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. एका कचेरींत कारकुनाची जागा बरेच महिने रिकामी राहिली असतां फेरफाराचे अर्ज तसेच पडून राहिले व लोकांनीं हेलपाटे घातले, हें मीं पाहिलें आहे. परंतु नवा कारकून आला, चार्ज-यादी तपासून दप्तर ताब्यांत घेतलें, आणि काम पुढें चाललें. कागद धूळ खात पडला तरी अक्षर टिकतें. बियाण्याचें तसें नाहीं. संशोधकाच्या बरणींतील बीं वेळेवर पेरलें नाहीं तर त्याची उगवणशक्ति कमी होत जाते, आणि कोणती पुडी कोणत्या संकराची, हें वहींत लिहिलें नसेल तर कित्येक वर्षांची मेहनत व्यर्थ जाते. म्हणूनच रिकाम्या खुर्चीची झळ अखेर आपल्यापर्यंत पोहोंचते.

आपणही याबाबतींत अगदींच हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. १८ मे रोजीं परभणीस खरीप शेतकरी मेळावा भरविण्याची प्रथा आहे. तेथें जाणारांनीं केवळ बियाण्याची पिशवी घेऊन परतूं नये. आपल्या पिकावर सध्यां कोण काम करीत आहे व पूर्वीचें काम कोणाकडे आलें, हें विचारावें. शेतांत रोग दिसल्यास वाणाचें नांव, पेरणीची तारीख व रोग प्रथम दिसल्याचा दिवस टिपून ठेवावा. पिशवी व पावती टाकूं नये. आणि सर्व वाफा पिवळा पडला असतां एखादेंच झाड हिरवें राहिलें, तर तें उपटूं नये. त्यास दोरा बांधून विद्यापीठास कळवावें. पुढील वाणास आधारभूत होणारें झाड कदाचित् तेंच असेल.