रंगपूरचा गूळ

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. शेताच्या बांधावरून तंटा झाला की ही म्हण आपल्याला आठवते; परंतु पतिपत्नीच्या कलहास ती अधिकच लागू पडते. बांधाचा खटला संपला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापल्या वाटेने जातात. संसार मोडला तरी मुलांचे आईबाप मात्र तेच राहतात, आणि भर कोर्टात एकमेकांवर उडविलेला चिखल अखेर मुलांच्याच अंगावर पडतो.

बडोदे संस्थानाने सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1931 साली, हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. कायद्याने वाट मोकळी झाली. परंतु डोंगरकपारीतील गरिबाला कचेरी दूर आणि वकील महाग, ही अडचण राहिलीच. रंगपूर या गावी 1949 साली हरिवल्लभ परीख नावाचे गांधीवादी कार्यकर्ते येऊन राहिले व त्यांनी आनंद निकेतन आश्रम स्थापिला. हे गाव तेव्हा बडोदे जिल्ह्यात होते. 2013 पासून तो भाग छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडतो. आश्रमात आदिवासींची गाऱ्हाणी येऊ लागली आणि त्यांतून लोक अदालत उभी राहिली. तिच्यापुढे येणाऱ्या तंट्यांत नवरा-बायकोचे तंटेच फार असत.

तिची रीत साधी होती. गाऱ्हाणे नोंदवून घेत आणि दुसऱ्या पक्षाला निरोप पाठवीत. ठरल्या दिवशी उभय पक्ष सर्वांसमक्ष आपापली कैफियत मांडीत. मग दोन्ही बाजूंचे पंच निवडले जात व ते एकीकडे बसून विचार करीत. वधूमूल्य किती परत द्यावे, दागिने कोणाचे, मुले कोणाकडे राहावीत, हे सारे ते बोलून ठरवीत. तोडगा मान्य झाला की तो लिहून त्यावर सह्या वा अंगठे घेत आणि जमलेल्यांना गूळ वाटीत. जमले तर संसार पुन्हा जुळे. न जमले तर निदान वैर न उरता वाटा वेगळ्या होत. कायद्याचे पंडित उपेंद्र बक्षी यांनी या अदालतीचा अभ्यास करून 1976 साली तो प्रसिद्ध केला.

आपल्या घरांना यातून काय घेता येईल? प्रथम एक भेद ध्यानी धरावा. आदिवासींच्या रूढीत पंचांपुढे काडीमोड होऊ शकते. ख्रिस्ती विवाह मात्र कायद्याच्या दृष्टीने कोर्टाच्या हुकुमाशिवाय मोडत नाही. तसा हुकूम झाला तरी विवाहाचे बंधन सुटत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तथापि मुलांचे संगोपन, कायदेशीर हक्क किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल, तर असा हुकूम घेणे क्षम्य मानले आहे. 1869 च्या घटस्फोट कायद्यात 2001 साली दुरुस्ती होऊन ख्रिस्ती दांपत्यालाही परस्परसंमतीने अर्ज करण्याची सोय झाली. म्हणजे कोर्टात जावे लागले तरी भांडत जाण्याची सक्ती नाही. पोटगी, स्त्रीधन, मुलांचे शिक्षण, सणावाराला त्यांनी कोणाकडे जावे, हे आधी एकत्र बसून ठरवावे, जाणत्या वकिलाकडून लिहून घ्यावे, आणि मग तेच कोर्टापुढे ठेवावे.

मात्र जेथे मारहाण आहे, धाक आहे, तेथे प्रथम त्या स्त्रीला सुरक्षित ठिकाणी न्यावे. कायद्याचे संरक्षण मागण्यात कमीपणा नाही. भित्र्या मनाने दिलेला होकार हा होकार नव्हे. घराण्याच्या अब्रूसाठी मुलीला गप्प बसविणारे पंच न्याय करीत नाहीत, अन्याय झाकतात.

गोडी गुळात नव्हती. दोघांचेही ऐकून घेतले गेले, यात ती होती. आपल्या गावात असे घर दुभंगू लागले, तर चावडीवर कुजबुज करण्यापेक्षा दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली चार शहाणी माणसे, त्यांत स्त्रियाही, वेळीच एकत्र बसवावीत.