इंद्रायणीचे पाणी आणि आपला ऊस



आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावच्या डोंगरात उगम पावते. कार्ला, कामशेत, देहू, आळंदी करीत ती तुळापूरला भीमेस मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मग उन्हाळ्यात पात्र रोडावते कसे, असे पुष्कळ सभासद विचारतात. पहिले कारण, हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो आणि उतारावरून धावत निघून जातो. दुसरे कारण जुने आहे. वळवणसारख्या धरणांत अडवलेले पाणी टाटांनी नळांतून घाटाखाली खोपोलीस नेले. १९१५ साली तिथे वीज सुरू झाली, तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ते पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्रास जाते, परत वर येत नाही. एकाच डोंगरचा पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो.

तेव्हा घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला म्हणजे आपल्या मोटारीला उन्हाळाभर पाणी, असा हिशोब धरू नका. लागणीचे क्षेत्र उन्हाळ्यातले पाणी बघून ठरवा. खोडव्याचे पाचट जाळू नका, सरीत पसरा, ओल टिकते. पाणी तुटू लागले तर एकाआड एक सरी भिजवा. जमेल त्याने ठिबक करावे. वरच्याने जादा पाणी ओढले तर खालच्याचा ऊस वाळतो, आणि वरच्याची जमीनही बिघडते.