गंगाजळी ते पोलाद : माधवराव शिंद्यांचे चार लाख पौंड

वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की लगेच डोलवीचा पोलाद कारखाना दिसतो. असा कारखाना पाहिला की आपल्याला आधी यंत्रं दिसतात. आर्थिक इतिहास शिकणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: हे उभं करायला पैसा कोणी दिला असेल? आज उत्तर सोपं आहे, बँका आणि शेअर बाजार. पण 1907 साली भारतात पोलाद काढायचं तर पैसा कुठून आणायचा?

टाटांनी आधी लंडनमध्ये प्रयत्न केला. तिथे जमलं नाही. मग भारतातच भागविक्री झाली, आणि तीन आठवड्यांत सुमारे 8,000 लोकांनी 16 लाख 30 हजार पौंड उभे केले. स्वदेशीचे दिवस होते. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तिचा पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जमीन, भट्ट्या, रेल्वे यांवर भांडवल खर्च होतं. पण कोळसा, खनिज, पगार यांना रोज पैसा लागतो, आणि माल विकून तो परत यायला वेळ लागतो. हे झालं खेळतं भांडवल. त्यासाठी कंपनीने 4 लाख पौंडांचे कर्जरोखे काढले. त्या वेळच्या दराने साधारण 60 लाख रुपये. ते सगळेच्या सगळे एकाच माणसाने घेतले: ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

इथे शेअर आणि कर्जरोखा यांतला फरक समजून घेऊ. शेअर घेणारा मालक होतो. नफा झाला तर वाटा, नाही तर काही नाही. कर्जरोखा घेणारा सावकार असतो. त्याचं व्याज ठरलेलं आणि ते भागधारकांच्या आधी द्यायचं. म्हणजे महाराजांनी दान केलं नव्हतं, हिशेबाने गुंतवणूक केली होती. पण पोलादाचा अनुभव नसलेल्या देशात एवढी रक्कम एकाच कंपनीत अडकवणं, यात जोखीम होतीच. डिसेंबर 1911 मध्ये साकचीच्या भट्टीतून पहिलं लोखंड बाहेर पडलं. तेच साकची पुढे जमशेदपूर झालं.

हे माधवराव कोण? सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचे वंशज, महादजींच्या गादीवरचे. जन्म 1876. वडील जयाजीराव 1886 साली वारले, तेव्हा हे लहान. पूर्ण अधिकार मिळाले 1894 मध्ये. पुढे संस्थानात नॅरो गेज रेल्वे आणि तिघ्रा धरण झालं. ते धरण 1917 मध्ये फुटलं, हेही सांगायला हवं. 1900 साली चीनच्या मोहिमेत ते स्वतः गेले आणि जखमींसाठी रुग्णालय-जहाज दिलं. म्हणजे इंग्रजांशी निष्ठा आणि स्वदेशी कारखान्यात पैसा, दोन्ही एकाच माणसात. आपल्याला यात विसंगती वाटते. त्यांना ती वाटली असेलच असं नाही. 1925 मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

आता मुद्द्याकडे. ग्वाल्हेरच्या राखीव खजिन्याला 'गंगाजळी' म्हणत. आपण आजही 'परकीय चलनाची गंगाजळी' म्हणतो. जुन्या पद्धतीत राजाची श्रीमंती म्हणजे पुरून ठेवलेलं धन: दुष्काळाला, युद्धाला उपयोगी, पण एरवी निपचित. माधवरावांच्या पिढीत हा विचार बदलला आणि पैसा व्याजावर, कारखान्यात फिरू लागला. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने 1908 साली बँक ऑफ बडोदा निघाली, ती याच काळात.

पण हे धन आलं कुठून? संस्थानाचं मुख्य उत्पन्न शेतसारा. म्हणजे माळव्यातल्या नि चंबळकाठच्या रयतेने जे भरलं, त्यातलंच काही सिंहभूमच्या भट्टीत पोचलं असणार. व्याज दरबाराला मिळालं, नाव महाराजांचं झालं. त्यांची दूरदृष्टी खरीच. मात्र 'संस्थानिक गुंतवणूकदार' असं लिहिताना 'गुंतवणूकदार' या शब्दामागे सारा भरणारी कितीतरी माणसं उभी असतात. त्या यादीत त्यांची नावं नाहीत.