रारोटोंगाची अर्ध्या दिवसाची प्रदक्षिणा

दक्षिण प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरापासून ईशान्येला सुमारे तीन हजार किलोमीटरवर, कुक द्वीपसमूहाची पंधरा बेटे सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरच्या सागरी पट्ट्यात विखुरलेली आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठे व राजधानीचे बेट म्हणजे रारोटोंगा होय. त्याचे क्षेत्रफळ अवघे ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबई बेटाइतके भरते. मात्र मुंबईच्या त्या भागात २०११ च्या जनगणनेनुसार तीस लाखांहून अधिक लोक राहत होते आणि रारोटोंगावर दहा-अकरा हजारच राहतात. हे सर्व लोक किनाऱ्यालगतच्या सपाट कडेवर वसलेले असून आतला डोंगराळ भाग जवळजवळ निर्मनुष्य आहे. किनाऱ्याने बेटाला वेढा घालणारा ३२ किलोमीटरचा डांबरी रस्ता वाहनाने न थांबता पाऊण-एक तासात पुरा होतो. असे असताना येथे येणाऱ्या पुष्कळशा प्रवाशांच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमात, स्थानिक वाटाड्याबरोबर तीन-चार तास घेऊन हेच अंतर कापणारी अर्ध्या दिवसाची सहल असते. एका तासाच्या वाटेला चार तास का लागतात, या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या रचनेत आणि इतिहासात सापडते.

सहलीची पद्धत साधी असते. सकाळी मिनीबस निवासस्थानांवरून प्रवाशांना घेत जाते, चालक स्वतःच बहुधा वाटाड्या असतो, आणि ‘किया ओराना’ या अभिवादनाने सुरुवात होते; त्याचा शब्दशः अर्थ ‘दीर्घायुषी व्हा’ असा असल्याने मराठी माणसाला तो आशीर्वादासारखाच वाटेल. बेटावरील सार्वजनिक बस दोनच दिशांनी धावतात, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि त्याच्या उलट, आणि त्यांची नावेही तीच आहेत. पहिल्या दिशेने गेल्यास डोंगर सतत उजव्या हाताला राहतो, म्हणजे आपल्याकडील प्रदक्षिणेचाच क्रम पाळला जातो. उत्तरेकडील राजधानी अव्हारुआ, मग पूर्वेचे जुने राजदरबाराचे ठिकाण व बंदर, आग्नेयेचे मुरी, दक्षिणेचे तितिकावेका आणि पश्चिमेचे आरोरांगी अशी ठिकाणे या क्रमाने येतात.

रारोटोंगा म्हणजे समुद्रतळापासून साडेचार हजार मीटरहून अधिक उंच उठलेल्या ज्वालामुखीचे पाण्याबाहेर राहिलेले टोक आहे. ज्वालामुखी शांत झाल्याला दहा लाखांहून अधिक वर्षे लोटली असून पावसाने व ओढ्यांनी त्याची झीज होऊन आज दिसणारे कातीव सुळके तयार झाले आहेत. सर्वोच्च शिखर ते मांगा ६५० मीटरच्या आसपास आहे, तर ४१३ मीटर उंचीचा ते रुआ मांगा हा सुळका बेटाच्या मध्यभागी सुईसारखा उभा असल्याने त्याला प्रवासी सुई असेच म्हणतात. बेटाभोवती प्रवाळभित्ती आहे. प्रवाळ हे अतिशय लहान सागरी जीव असून त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर साचत जाऊन अशी भिंत उभी राहते, आणि ती किनाऱ्याला लागूनच वाढलेली असल्यास तिला अनुतट प्रवाळभित्ती म्हणतात. महासागराच्या लाटा या भिंतीवर फुटतात, आत उथळ, संथ, फिकट निळ्या पाण्याचे खारकच्छ तयार होते, आणि गोड्या पाण्यात व गाळात प्रवाळ तग धरू शकत नसल्याने, जेथे मोठा ओढा समुद्राला मिळतो तेथे भिंतीत खिंड पडते. या खिंडीला स्थानिक भाषेत ‘आव्हा’ म्हणतात. अव्हारुआ या नावाचा अर्थच ‘दोन आव्हा’ असा आहे. होड्या आत-बाहेर करू शकतात त्या याच खिंडींतून, त्यामुळे बंदरे, वस्त्या आणि पुढचा सारा इतिहास ओढ्यांच्या मुखांशी बांधला गेला.

प्रवासी ज्या रस्त्याने फिरतो तो किनाऱ्याचा रस्ता, ‘आरा तापू’, तुलनेने अलीकडचा आहे. त्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याजवळून, ‘आरा मेतुआ’ हा दुसरा रस्ता जातो. परंपरेनुसार तो तोई नावाच्या प्रमुखाने बांधला, आणि तो सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. ज्वालामुखी खडकाच्या व प्रवाळाच्या फरश्यांनी तो मुळात बांधून काढलेला होता. आज त्याचे बरेच तुकडे डांबराखाली गेले आहेत, तरी त्याची रेषा बहुतांशी कायम आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या सहलीची खरी किंमत हा रस्ता तिच्यात आहे की नाही यावरच ठरते. एकोणिसाव्या शतकापूर्वी बहुतेक लोक किनाऱ्यावर राहत नव्हते. त्यांची घरे, देवस्थाने आणि अळूची पाणथळ खाचरे या आतल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना होती. बेटाची विभागणी तीन ‘वाकां’मध्ये आहे, ते औ ओ तोंगा, ताकितुमू आणि पुआइकुरा. ‘वाका’ या शब्दाचा एक अर्थ समुद्रगामी होडी आणि दुसरा अर्थ एका कुळसमूहाचा प्रदेश असा आहे. एका होडीतून आलेली माणसे एका मुलखात राहतात ही समजूत या एकाच शब्दात सामावली आहे.

प्रत्येक वाका पुढे ‘तापेरे’ नावाच्या पट्ट्यांत विभागलेली आहे, आणि ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. तापेरे म्हणजे डोंगरमाथ्यापासून थेट प्रवाळभित्तीपर्यंत उतरणारा, वर निमुळता आणि खाली रुंद असा जमिनीचा तुकडा. त्याच्या वरच्या भागात होड्यांसाठी व घरांसाठी लाकूड, मधल्या ओढ्याकाठी अळू, खालच्या वाळूमिश्रित जमिनीत नारळ आणि समोरच्या खारकच्छात मासे, असे सर्व काही एकाच कुळाच्या वाट्याला यावे हा त्यामागचा विचार होता. बहुतेक प्रत्येक तापेरेला स्वतःचा ओढा असतो. आरा मेतुआ या सर्व पट्ट्यांना मधोमध छेदत जातो, त्यामुळे त्यावरून जाताना एका बाजूला चढ व दुसऱ्या बाजूला अळूची खाचरे पाहून ही वाटणी डोळ्यांसमोर उभी राहते. किनाऱ्याच्या रस्त्यावरून मात्र हॉटेले, दुकाने आणि नारळीच दिसतात. ज्या सहली वेळ वाचवण्यासाठी फक्त किनाऱ्याने जातात त्या बेटाचे काठ दाखवतात आणि घर दाखवायचे विसरतात, असे म्हणणे भाग आहे.

अव्हारुआच्या पूर्वेला याच आतल्या रस्त्यावर आराई ते तोंगा हे स्थान आहे. ‘माराए’ म्हणजे देवकार्याचे दगडी आवार आणि ‘कौतू’ म्हणजे राजाचा दरबार. आराई ते तोंगा हे माकेआ राजघराण्याचे कौतू होते. येथे ‘आरिकी’ म्हणजे सर्वोच्च प्रमुख यांचा पदग्रहणविधी होत असे, आणि त्या विधीतला उभा दगडी स्तंभ अजून जागेवर आहे. पाहण्यासारखे म्हणाल तर गवतात उभे केलेले काही दगड, एवढेच येथे आहे. माहिती सांगणारा सोबत नसेल तर प्रवासी दोन मिनिटांत निघून जातो, आणि सांगणारा असेल तर तेराव्या शतकाच्या सुमारास ताहितीहून आलेला तांगीया व सामोआहून आलेला कारिका या दोन प्रमुखांची परंपरागत कथा, त्यांनी केलेली बेटाची वाटणी आणि त्या वंशांतील आजचे आरिकी, असा सलग धागा त्या दगडांपासून सुरू होतो. हे स्थान आजही पवित्र मानले जात असल्याने दगडांवर पाय ठेवू नये, हेही वाटाड्याच सांगतो.

पूर्व किनाऱ्यावर ङातांगीया गाव आणि त्याचे अव्हाना बंदर आहे. मराठी वर्णमालेत असूनही शब्दाच्या आरंभी कधीच न येणारा ‘ङ’ येथील भाषेत शब्दारंभी सर्रास येतो. अव्हाना ओढ्याच्या मुखाशी प्रवाळभित्तीत रुंद खिंड आहे, आणि परंपरा सांगते की याच खिंडीतून सात मोठ्या होड्या न्यूझीलंडकडे निघाल्या. ताकितुमू, तोकोमारू, कुराहाउपो, आओतेआ, ताइनुई, ते आरावा आणि माताआतुआ ही त्यांची नावे असून न्यूझीलंडमधील माओरी जमाती आजही आपली वंशावळ यांपैकी एखाद्या होडीपर्यंत नेतात. किनाऱ्यावर या सात होड्यांचे स्मारक वर्तुळाकार मांडलेल्या दगडांच्या रूपात आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्व होड्या १३५० च्या सुमारास एका ताफ्याने एकत्र निघाल्या ही कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासक पर्सी स्मिथ यांनी निरनिराळ्या परंपरा जुळवून मांडली, आणि पुढील संशोधकांनी ती तशीच्या तशी स्वीकारलेली नाही. स्थलांतर अनेक होड्यांतून व अनेक फेऱ्यांत झाले असावे असे आता मानले जाते. तथापि रारोटोंगाची भाषा आणि न्यूझीलंडची माओरी भाषा इतक्या जवळच्या आहेत की दोन्हीकडच्या लोकांच्या नात्याविषयी शंका उरत नाही. तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची उड्डाणे पाहून होकायंत्राविना हजारो किलोमीटर जाण्याची ही विद्या विसाव्या शतकात जवळजवळ लोपली होती. १९९२ मध्ये रारोटोंगावर पॅसिफिक कला महोत्सव भरला तेव्हा निरनिराळ्या बेटांवरून पारंपरिक होड्या येथे आल्या, आणि देशाचे माजी पंतप्रधान टॉम डेव्हिस, जे पेशाने डॉक्टर होते, त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन ‘ताकितुमू’ व नंतर ‘ते औ ओ तोंगा’ या जोडहोड्या बांधल्या. सहलीत कोठे जास्त वेळ थांबावे असे विचारल्यास उत्तर अव्हाना हेच द्यावे लागेल.

त्यापुढचे मुरी हे सर्वाधिक छायाचित्रित ठिकाण आहे. येथील खारकच्छात चार लहान बेटे आहेत. त्यांतील ताआकोका ज्वालामुखी खडकाचे व बाकीची तीन प्रवाळ-वाळूची आहेत. पाणी कंबरभर आणि नितळ असते. परंतु किनाऱ्यालगत हॉटेले दाटल्यावर सांडपाण्यातील पोषकद्रव्ये जमिनीतून झिरपून खारकच्छात उतरू लागली आणि गेल्या दशकात येथे शैवालाचे थर वाढले, ही गोष्टही मुरीच्या वर्णनात यायला हवी. खारकच्छ राखण्याची जुनी रीत ‘राउई’ नावाने ओळखली जाते. प्रमुखांनी एखाद्या पट्ट्यावर ठरावीक काळासाठी बंदी जाहीर करायची आणि तेवढ्या काळात तेथे कोणी मासेमारी करायची नाही, असा तो संकेत आहे. सह्याद्रीतील देवराईचे नाव येथे सहज आठवते, फरक इतकाच की देवराईला मुदत नसते आणि राउई उठवली जाते. विस्मरणात गेलेली ही रीत रारोटोंगाच्या पारंपरिक प्रमुखांनी १९९८ मध्ये पुन्हा सुरू केली.

दक्षिण व पश्चिम किनाऱ्याने जाताना घरांच्या अंगणातील पांढऱ्या, फुलांनी सजवलेल्या कबरी लक्ष वेधतात. कुक द्वीपसमूहात जमीन विकता येत नाही. ती कुळाची असते आणि फार तर साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. आई-वडिलांना त्याच जमिनीत, घरासमोर पुरणे हा त्या हक्काचा सर्वांत स्पष्ट पुरावा ठरतो. दक्षिणेला वैमांगा येथे इटालियन कर्जातून उभ्या राहिलेल्या आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी काम थांबलेल्या भव्य हॉटेलाचा सांगाडा कित्येक वर्षे वाटसरूंना दिसत राहिला, आणि त्या कर्जाचे ओझे या लहान देशाच्या तिजोरीने दीर्घकाळ वाहिले.

पश्चिमेच्या आरोरांगी गावात धर्मांतराच्या इतिहासाची खूण आहे. १८२३ मध्ये पापेइहा हा ताहिती परिसरातील बेटांवरून आलेला धर्मोपदेशक रारोटोंगावर एकटाच उतरला, म्हणजे ख्रिस्ती धर्म येथे प्रथम रुजवणारा माणूस युरोपीय नव्हता, आणि पुढील काही वर्षांत बेट ख्रिस्ती झाले. लोकांना आतल्या वस्त्यांतून उठवून किनाऱ्यावर चर्चभोवती वसवले गेले ते याच काळात, आणि नव्या साथींनी लोकसंख्या झपाट्याने घटली तीही याच काळात. अव्हारुआचे १८५३ चे चर्च जाड भिंतींचे व शुभ्र चुन्याचे आहे. राणी माकेआ ताकाउ हिच्या राजवटीत १८८८ मध्ये बेट ब्रिटिश संरक्षणाखाली गेले, १९०१ मध्ये न्यूझीलंडला जोडले गेले आणि ४ ऑगस्ट १९६५ रोजी स्वशासित झाले. संरक्षण करण्यास न्यूझीलंड मदत करते, नागरिकत्वही त्याच देशाचे आहे, कारभार मात्र स्वतःचा. ज्यांचे नाव या द्वीपसमूहाला दिले गेले त्या कॅप्टन कुक यांनी रारोटोंगा कधी पाहिलेच नव्हते.

काही सहलींत वाटेत खाणेही असते. नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचा ‘रुकाउ’ कोकणी माणसाला परका वाटणार नाही, आणि येथील ‘कुरु’ म्हणजे कोकण-गोव्यातील नीरफणसच होय.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रविवार हा बेटावर प्रार्थनेचा व विश्रांतीचा दिवस असतो आणि बहुतेक व्यवहार बंद असतात, म्हणून सहल अन्य दिवशी ठेवावी आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये अंगभर कपड्यांत मागच्या बाकावर बसून तेथील सामूहिक गायन ऐकावे. आणि सहल ठरवण्यापूर्वी, दुपारचे जेवण किंवा पोहण्याची सोय यांची चौकशी करण्याआधी, एकच प्रश्न विचारावा: गाडी आरा मेतुआवरून जाते का?